बारावी बाई

"‘काही नाही करत’ असं म्हणणाऱ्या बाईसमोरून उठायचं नाही. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. पण उठू नका."

अणावकर मॅडमचा हा आवाज अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आहे. थोडासा बसका, मालवणी हेल लपवू पाहणारा. खडू हातात घेऊन त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या, बाहेर सुरूची झाडं हलत असायची, आणि आम्ही बी.ए. दुसऱ्या वर्षाची चोवीस पोरं वहीत ते वाक्य लिहून घेत होतो. लिहायचं वाक्य नव्हतंच ते. पण आम्हाला तेव्हा लिहिलेलं तेवढंच खरं वाटायचं.

आमच्या विद्यापीठात पदवीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. संशोधन करणारी मंडळी एम.ए.च्या खाली उतरायची नाहीत. बी.ए.ला कुणीतरी तासावर येणारे सर यायचे, पिवळ्या पडलेल्या कागदांवरून मागणीचा नियम सांगून जायचे. अणावकर मॅडमनी मात्र मागून घेतला आमचा वर्ग. विभागप्रमुख हेर्लेकर सर त्यांना व्हरांड्यात म्हणाले होते, आम्ही ऐकलं होतं, "शैलजाबाई, तुमचं एवढं मोठं काम चाललंय, आणि या पोरांच्या हातात देताय? ही शेंबडी पोरं काय पाहणी करणार?"

"शेंबूड पुसायला शिकवते की," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं काम होतं बायकांच्या दिवसाचं. जनगणनेत ज्यांच्या नावापुढं ‘घरकाम’ लिहून माणसं पुढच्या दारात जातात, त्या बायका दिवसभर नेमकं काय करतात, याची पाहणी. फॉर्मवर अठ्ठेचाळीस चौकोन असायचे, अर्ध्या अर्ध्या तासाचा एक. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. मॅडम आदल्या दिवशी गावाहून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच आमच्या फळ्यावर यायचं, अजून धुळीनं माखलेलं. कुठं आपलं चुकलं हेही सांगायच्या. "मी पहिल्या गावात विचारलं, ‘काय काम करता?’ सगळ्या म्हणाल्या, ‘काही नाही.’ सहा महिने फुकट गेले माझे. मग एका म्हातारीनं शिकवलं. ती म्हणाली, ‘बाई, मला इचारू नको, माझ्या हाताला इचार.’ तेव्हापासून मी विचारते, ‘उठल्यावर हाताला पहिलं काय लागलं?’"

आणि एक नियम होता. बायकांची नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली असायची. "चिठ्ठीत निघाली तीच बाई हवी. शेजारची छान बोलते म्हणून शेजारची चालणार नाही. छान बोलणाऱ्यांचं जग कधीच मोजून झालंय."

आम्हाला जोड्यांनी पाठवलं. जोडी क्रमांक सहा म्हणजे मी, वैजयंता शेटे, आणि आनंदा ऐवळे.

आनंदा वसतिगृहात राहायचा. उंच, सडपातळ. अक्षर असं की सर लोकही नोटिसा त्याच्याकडून लिहून घ्यायचे. बोलायला बसला की हसून पोट दुखायचं. त्याला एम.ए.ला जायचं होतं, मॅडमच्याच हाताखाली. तो म्हणायचा, "वैजू, मॅडमनी उन्हाळ्यात कामाला घेतलं ना, तर मी त्यांच्या पिशव्या पण उचलीन. नुसतं संगं फिरायचं. कसं इचारत्यात ते बघायचं." मलाही तेच हवं होतं. उन्हाळ्यासाठी मॅडम वर्गातला एकच जण घेणार होत्या.

आमच्या वाट्याला हरणमाळ आलं. द्राक्षांचा भाग. फेब्रुवारी सरत आला होता, बेदाण्याचा हंगाम ऐन भरात. माळावर जिकडं बघावं तिकडं हिरव्या कापडाच्या शेडी, आत जाळ्यांचे मजल्यावर मजले, त्यावर सुकत पडलेली द्राक्षं. वाऱ्यालाही गोडसर वास. बारा नावं होती आमच्याकडं. गडीमाणसांकडून घराची माहिती आनंदानं घ्यायची, बाईचा दिवस मी लिहायचा, अशी वाटणी. मग माझ्या गिचमिड कागदांवरून रात्री तो सगळे फॉर्म सुवाच्य उतरवायचा आणि माझे कच्चे कागद वसतिगृहाच्या बंबात जायचे.

पहिल्या तीन दिवसांत अकरा बायका झाल्या. बारावी हौसाबाई, शेडवर होती. कमरेत वाकून जाळीवरचे मणी हातानं चाळत होती. तिचे हात काळे, चिकट, आणि इतके चपळ की बोटं दिसायचीच नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा दिवस लिहून घ्यायचाय."

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "माझा दिस? त्यो कुठं पळून चाललाय व्हय? उद्या ये बाई. आज ह्यो सगळा बेदाना झाडायचाय."

"उद्या नक्की येते. घरी थांबाल?"

"येनार असलीस तर थांबते की. माझ्याकडं कोन येतंय एरवी."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. आनंदाचं काम संपलं होतं. एस.टी. हरणमाळला जाताना अर्ध्या वाटेवर आमचं गाव लागायचं. मनात आलं, आईला तोंड दाखवू, तासाभरानं पुढची गाडी धरू. उतरले.

आई पडवीत बेदाणा निवडत बसली होती. व्यापारी पोती टाकून जायचा, आई काड्या काढून, दाणे वेगळे करून द्यायची. ती आणि तिच्यासमोरचा तो तपकिरी ढीग, यात मी लहानाची मोठी झाले होते. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर फॉर्म होता. वर आनंदाच्या वळणदार अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, हौसाबाई, घर क्रमांक, चिठ्ठी क्रमांक बारा. मी गमतीनं विचारलं, "आई, आज उठल्यावर हाताला पहिलं काय लागलं?"

ती थांबली. कुणी असं विचारलं नव्हतं तिला कधी.

"काय लागणार? अंधार लागला."

मग ती बोलत गेली. चुलीची राख, राखेखालचा निखारा. म्हशीचं आचळ, थंडीत ते कसं हाताला ऊब देतं ते. आजीची पाठ चोळणं. विहिरीचा दोर, आणि दोराला कुठं गाठ आहे ते हाताला कसं ठाऊक आहे. बेदाणा, बेदाणा, बेदाणा. मी लिहीत गेले. एकही चौकोन रिकामा राहिना. दुपारच्या एका अर्ध्या तासाशी ती अडखळली, म्हणाली, "तवा मी नुसती गाते. हात चालूच असत्यात, पर गाते. ते लिवू नको."

"काय गातेस?"

तिनं मान खाली घालून म्हटलं, निवडता निवडताच,

"दिसाचं माझ्या बाई, माप कुनी घेईना,
हाताला इचारावं, हात काही बोलंना."

ते तिचंच होतं. तिथंच बसून जुळवलेलं. मी शेऱ्याच्या जागेत लिहून घेतलं.

"एवढं कशाला लिवतीस? कोन वाचणार?"

"आमच्या मॅडम."

"मंग नीट लिव," ती म्हणाली आणि पदरानं हात पुसून घेतले, जणू मॅडम दारातच उभ्या होत्या.

उठले तेव्हा पुढची गाडी गेली होती, त्याच्या पुढचीही. उद्या जाऊ, असं म्हटलं असतं तर जमलं असतं. अजून दोन दिवस होते. पण माझ्या हातात जो कागद होता तसा आमच्या जोडीचाच काय, वर्गात कुणाचाच नसणार, हे मला कळलं होतं. त्यातला एकेक चौकोन खरा होता. फक्त वरचं नाव दुसऱ्या बाईचं होतं. मी ते खोडलं नाही.

आनंदानं तो फॉर्म उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, "ही हौसाबाई गाती व्हय गं?"

"हो."

"म्हस पण हाय तिच्याकडं? तिच्या नवऱ्यानं तर मला सांगितलं, जनावर न्हाय म्हणून."

मी चहात बघत राहिले. "विकली असेल. नाहीतर घेतली असेल."

"एका रातीत?" तो हसला. माझ्या चेहऱ्याकडं मात्र जरा जास्त वेळ बघितलं त्यानं.

मार्चच्या मध्यात मॅडमनी तो फॉर्म वर्गात वाचून दाखवला. "अंधार लागला," असं वाचून थांबल्या. चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं हे काम करते आहे. असा दिवस मला एकदाही लिहून आणता आला नव्हता. जोडी सहा, शाबास." त्या एप्रिलमध्ये पुण्याला परिसंवादात निबंध वाचणार होत्या. त्याची सुरुवात आईच्या त्या दोन ओळींनी करायची ठरवली त्यांनी. वर्गात त्या बाईचं नावच पडलं ‘बारावी बाई’. मागणी-पुरवठ्याचा तास असो की राष्ट्रीय उत्पन्नाचा, कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, मग बारावी बाई यात कुठं बसते?" आणि मॅडम खूश होऊन पुस्तक मिटायच्या. हेर्लेकर सर एकदा दारात उभे राहून ऐकून गेले. म्हणाले, "पोरं विचारतात हो प्रश्न."

मला रात्री झोप येत होती तेव्हा. खोटं कशाला सांगू. आईचं गाणं पुण्याला जाणार, याचाच मला आनंद होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅडम वर्गात आल्या त्या हजेरी न घेता. खडू उचलला नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"मी काल हरणमाळला गेले होते. निबंधाआधी त्या बाईला भेटावं, तिच्या ओळी वापरू का विचारावं म्हणून." त्या थांबल्या. "हौसाबाईकडं म्हैस नाही. तिला गाता येत नाही. तिच्याकडं आपलं कुणीही गेलं नाही."



"ती मला म्हणाली, ‘बाई येनार म्हनून मी त्या दिशी शेडवर गेले न्हाई. अंगनात बसून हुते दिवस मावळस्तोवर. लुगडं बी बदललं हुतं.’" मॅडमचा आवाज आणखी बसला. "जोडी सहा. हा फॉर्म कुणी भरला?"

त्यांच्या हातात तो कागद होता. आनंदाचं अक्षर शेवटच्या बाकावरूनही ओळखू येत होतं.

आनंदानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघत असल्यासारखं, जसं गाडीत चढताना पुढच्याला जागा देतात तसं. मी बाकावर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत होते. त्याला बाण होता आणि बाणाचं टोक तुटलेलं होतं.

बाक सरकल्याचा आवाज आला. आनंदा उभा राहिला.

"अक्षर माझं हाय, मॅडम."

एवढंच. आणि तो उभाच राहिला. बसला नाही. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि उरलेलं खरं माझ्याकडं होतं. त्यानं ते माझ्यासाठी मोकळं ठेवलं होतं. किती वेळ गेला? अर्ध्या मिनिटाचा चौकोन कुठल्याच फॉर्मवर नसतो. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "ऐवळेच असणार." का ‘असणार’, ते कुणी विचारलं नाही; आडनावच पुरेसं होतं. मलाही ते ऐकू आलं, आणि मी त्या बदामाकडंच बघत राहिले.

"बस," मॅडम म्हणाल्या.

तो बसला.

मग मॅडमनी फळ्यावर पाहणीचे सगळे आकडे लिहिले. हरणमाळच्या बाराच्या बारा बायका वजा केल्या. "एक खोटी निघाली की उरलेल्या अकरांवर माझा विश्वास असून उपयोग नाही, वाचणाऱ्याचा असायला हवा," असं म्हणत सरासरी पुन्हा काढली आमच्यासमोर, एकेक पायरी. परिसंवादाला पत्र लिहिलं, निबंध मागं घेते म्हणून, आणि तेही आम्हाला वाचून दाखवलं. "चूक माझी आहे. परत जाऊन तपासायला मी महिना लावला." संशोधन म्हणजे काय ते मी त्या एका तासात शिकले. मी आज जे काही आहे, ते त्याच तासामुळं, आणि तो तास माझ्याच खोट्यामुळं झाला होता.

हेर्लेकर सरांनी नोटीस लावली. पदवीच्या विद्यार्थ्यांना यापुढं पाहणीसाठी नेऊ नये. ती नोटीस लिहायला त्यांनी आनंदाला बोलावलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या वर्गाला पुन्हा तासावरचे सर आले.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "वैजयंता, जोडीदाराच्या चुकीचा डाग तुला लागू नये. उन्हाळ्यात येशील माझ्याबरोबर?"

मी हो म्हटलं.

आनंदानं मॅडमकडं शिफारसपत्र मागितलंच नाही. बी.ए. झाल्यावर तो दिसेनासा झाला. मग हळूहळू गावोगावच्या पाट्यांवर दिसू लागला. किराणा दुकान, दवाखाना, पतसंस्था, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘ऐवळे’. एस.टी.च्या खिडकीतून मी त्या कोपऱ्याकडं बघायची आणि मान फिरवायची.

बारा वर्षांनी एकदा समोरासमोर आलो. मी शिकवत होते त्या कॉलेजच्या फाटकाची पाटी रंगवायला तो शिडीवर चढला होता. मला बघून खाली उतरला. केस पांढरे व्हायला लागलेले, बोटांना निळा रंग.

"प्राध्यापक झालीस म्हणं."

"हो. तू कसा आहेस?"

"बरा हाय की. दोन पोरी हायत. थोरलीचं अक्षर माझ्यावर गेलंय." मग ब्रश पुसता पुसता त्यानं विचारलं, "आई गाती का अजून?"

म्हणजे सगळं त्याला ठाऊक होतं. "गेली ती. मागच्या साली."

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "तिचा दिस मी उतरवून काढलाय गं," तो म्हणाला. "अंधार लागल्यापास्नं निजेपर्यंत. सगळा पाठ हाय मला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. मग तासाची घंटा झाली, आणि मी म्हटलं, "येते हं, तास आहे."

गेल्या फेब्रुवारीत मी आमच्या विभागात पदवीच्या मुलांसाठी पाहणी पुन्हा सुरू केली. अठ्ठेचाळीस चौकोनांचीच. मुलं दुसऱ्या दिवशी गावांना जाणार होती, म्हणून आदल्या सकाळी मी अणावकर मॅडमना बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. काठी टेकत आल्या, पण वर्गात शिरल्याबरोबर काठी फळ्याला टेकवून ठेवली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. साठ मुलं होती. मॅडमनी हाताला काय लागलं ते विचारायला शिकवलं, चिठ्ठ्यांचा नियम सांगितला, मुलं हसली, पुढं सरकून बसली. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कुणी फसवलं का?"

मॅडमनी हरणमाळची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. "एक मुलगा होता. मोत्यासारखं अक्षर. तो उभा राहिला, म्हणाला, अक्षर माझं आहे. आणि मी त्याला बस म्हटलं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आयुष्यभर बायकांसमोर बसून राहिले मी, त्या बोलेपर्यंत. आणि त्या एका मुलासमोर मला बसवलं नाही. तो उभाच होता हो. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, की दुसऱ्या कुणी बोलावं म्हणून थांबला होता, मला कळलं नाही. मी अक्षर बघितलं आणि मोकळी झाले. ते राहून गेलं."

मी उभी राहिले आहे हे मला बाक सरकल्याच्या आवाजानं कळलं. साठ माना मागं वळल्या.

"काय गं, वैजयंता?" मॅडम म्हणाल्या.

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग हात मागं करून खुर्ची चाचपली, ओढली आणि हळूच बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले. काही विचारलं नाही. त्या उठणार नव्हत्या.

"अक्षर आनंदाचं होतं, मॅडम," मी म्हटलं. "दिवस माझ्या आईचा होता. हौसाबाई लुगडं बदलून अंगणात बसली होती, ती माझी वाट बघत. मी गेले नाही."